माझ्या नावाची दुसरी मुलगी

बाबा मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमधून, सरकी काढायच्या कारखान्यातून, घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांना, कानांच्या पाळ्यांना आणि पापण्यांनासुद्धा कापूस चिकटलेला असे. सायकल भिंतीला टेकवून ते ओट्यावर बसत आणि मी ओल्या फडक्याने तो कापूस काढत असे. ते काम माझंच होतं, धाकट्या भावाला मी ते करू देत नसे. आत आई चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मोडून घालत असायची. वाळलेल्या पऱ्हाट्या पेटताना असा काही तडतडाट व्हायचा की बाहेरून हाक मारली तर तिला ऐकू जात नसे. भाकरी थापताना तिच्या बांगड्या वाजत आणि तो आवाज थांबला की समजायचं, आता पिठाचा डबा रिकामा झाला. हंगामात ओल्या तुरीचे सोले, अंबाडीची भाजी, कधी कढी-फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी. बाकीच्या दिवसांत भाकरीवर ठेचा आणि वर तेलाची धार. जेवण झालं की बाबा दुकानातून आलेल्या पुडीचा कागद माझ्यापुढे धरत आणि म्हणत, ‘‘वाच वं विमल, काय लिवलं हाये त्याच्यात?’’ मग मी तो तेलकट, अर्धा फाटलेला कागद मोठ्याने वाचून दाखवी. कुठल्यातरी मंत्र्याचं भाषण, सिमेंटची जाहिरात, हरवलेल्या म्हशीची बातमी, काहीही असो, बाबा डोळे मिटून ऐकत. त्यांना स्वतःला सहीपुरतं येत होतं. आईला तेवढंही येत नव्हतं.

मला वाचायला शिकवलं कुंदाबाईंनी. बाई चिखलीकडच्या, उंद्रीच्या. पहिलीच नोकरी, वय फार तर बावीस-तेवीस असेल. गावात एका घरी खोली घेऊन एकट्या राहत. आमची शाळा एका शिक्षणसंस्थेची होती आणि संस्था भाऊसाहेबांची. भाऊसाहेब गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांची दुसरी, चांगली पक्क्या इमारतीची शाळा तालुक्याला होती. आमच्याकडे मात्र दोन खोल्या, वर टिनं, आणि पाऊस सुरू झाला की सगळ्यांनी उठून एका भिंतीला लागून उभं राहायचं. अशा त्या खोलीत कुंदाबाईंनी मला जवळ घेतलं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांच्या पाटीला हात लावताना आधीचे मास्तर कचरत. बाई पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारी खाली बसल्या, माझं बोट धरून अक्षर गिरवून घेतलं आणि माझी सुटलेली वेणी तिथल्या तिथे घालून दिली. घरी येऊन मी आईला ते सांगितलं तेव्हा तिने माझी वेणी हातात घेऊन पाहिली आणि त्या दिवशी ती सोडलीच नाही. तशीच मी झोपले.

एका हिवाळ्यात शाळेला चुना लागला. फळ्याला नवा काळा रंग आला. दारापुढचे खड्डे मुरमाने बुजवले. परदेशातून पाहुणे येणार, ते शाळा पाहणार आणि त्यांना पसंत पडली तर नव्या खोल्या बांधून देणार, असं गावभर झालं. कोणत्या देशातून, ते कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. नॉर्वे हे नाव बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं आणि नकाशात पार वरच्या टोकाला बोट ठेवलं. तिथे वर्षातले कितीतरी दिवस सूर्यच उगवत नाही म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. बाईंनी माझ्याकडून एक धडा बसवून घेतला. पाहुण्यांसमोर तो मी वाचायचा होता. मी तो बकरीला वाचून दाखवला, भावाला वाचून दाखवला, बाबांना तर इतक्या वेळा की शेवटी ते मला पुढचं वाक्य सांगू लागले.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना बाई फळा पुसत होत्या. आमच्याकडे न वळताच म्हणाल्या, ‘‘वस्तीवरच्या मुलांना उद्या सुट्टी आहे.’’ वस्ती म्हणजे आमचा वाडा आणि त्याच्या पलीकडची मजुरांची घरं. मी विचारलं, ‘‘मलेबी का, बाई?’’ बाई म्हणाल्या, ‘‘हो, तुलाही.’’ फळा केव्हाच पुसून झाला होता, तरी त्या पुसतच होत्या. मला वाटलं, पाहुण्यांचं येणं पुढे ढकललं असेल. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, बकरी चारून आण.

दुसऱ्या दिवशी मी बकरी घेऊन निघाले. शाळेमागे पडीक जागा होती, तिथे गवत बरं असायचं. जवळ गेले तर शाळेसमोर जीप उभी होती आणि तिच्या मागे एक टेम्पो. म्हणजे पाहुणे आले होते! मला आधी आनंदच झाला. बकरी बाभळीला बांधून मी मागच्या खिडकीखालच्या दगडावर चढले आणि गज धरून आत पाहिलं.

आत आमचा वर्ग भरला होता. पण तो आमचा नव्हता. पुढच्या रांगेत दुकानदारांची, शेतकऱ्यांची आमच्या वर्गातली दोन-चार पोरं ओळखीची दिसली. बाकी सगळी नवी, तालुक्याकडची वाटत होती. पांढरेशुभ्र सदरे, निळ्या चड्ड्या, पायांत बूट. आमच्या शाळेत बूट घालून कोणी कधी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी जिथे बसत असे तिथे, भिंतीजवळ, एक गोरीशी मुलगी बसली होती. तिच्या दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी होत्या. खोलीच्या एका बाजूला खुर्च्यांवर भाऊसाहेब, हेडमास्तर, अमरावतीहून आलेले एक प्राध्यापक आणि त्यांच्यामध्ये एक उंच, म्हातारपणाकडे झुकलेली गोरी बाई. प्राध्यापक तिचं इंग्रजी मराठीत सांगत होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम म्हणतात, आमच्यासाठी वेगळं काही करू नका. रोज जसं चालतं तसंच चालू द्या.’’

रोज आधी हजेरी होत असे. कुंदाबाईंनी हजेरी सुरू केली. एकेक नाव त्या घेत आणि एकेक पोर उभं राहून ‘हजर’ म्हणे. नावं सगळी आमची होती. आमच्या वाड्यातल्या गौतमचं नाव घेतलं आणि बूट घातलेला एक जाडसर मुलगा उभा राहिला. गौतम त्या वेळी आपल्या बापासोबत पऱ्हाटीच्या शेतात होता. मला काहीच कळेना. डोक्यात नुसतं घों घों होत होतं. मला वाटलं, गौतम नावाची दुसरी मुलं असतील तालुक्याला. असतात की. मग बाई म्हणाल्या, ‘‘विमल नामदेव इंगळे.’’

लाल रिबिनींची मुलगी उभी राहिली. अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘‘हजर, बाई.’’

आज मी साठी ओलांडली आहे. बुलढाण्याच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून अख्खं आयुष्य काढलं, माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली. पण त्या एका शब्दाने अंगातून जे सरकन गेलं तसं पुन्हा कधी गेलं नाही. बाबांचं नावसुद्धा तिला देऊन टाकलं होतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही माझं नाव पुकारलं की अजून मी लगेच उठत नाही. आधी आजूबाजूला बघते, दुसरं कोणी उठतं का.

मी काय करते आहे हे मला त्या वेळी कळत नव्हतं. खिडकीतूनच मी ओरडले, ‘‘हजर! हजर, बाई! मी विमल हाये!’’

सगळा वर्ग मागे वळला. भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘कोणाची पोट्टी हाये बे ते? हाकला तिले!’’ शिपाई धावला, पण ती गोरी बाई त्याच्या आधी खिडकीशी आली. तिचे डोळे निळे होते. इतक्या जवळून तसे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तरी मी तिच्याकडे बघत नव्हते. मी कुंदाबाईंकडे बघत होते. गोऱ्या बाईने प्राध्यापकांना काहीतरी विचारलं. प्राध्यापकांनी ते बाईंना विचारलं, ‘‘ही तुमच्या वर्गातली मुलगी आहे का?’’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी वेणी घालणाऱ्या, माझं बोट धरणाऱ्या माझ्या बाई. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या म्हणाल्या, ‘‘नाही. मी हिला ओळखत नाही.’’

गज माझ्या हातातून सुटले नाहीत, एवढंच.  मला रडूही आलं नाही. बाई खोटं बोलल्या असं वाटायला हवं होतं, पण तसंही वाटलं नाही. मला वाटलं, आपणच विमल नसू. खरंच वाटलं तसं, काही क्षण. ती मुलगी किती नीट उभी आहे, तिचे कपडे बघा, तिचं बोलणं बघा, तीच विमल असेल.

रडली ती लाल रिबिनींची मुलगी. ती माझ्याकडे टक लावून बघत होती आणि एकाएकी तिने हुंदका दिला. ‘‘मला घरी जायचंय,’’ ती म्हणाली. गोरी बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्या छातीवर बोट ठेवून स्वतःचं नाव सांगितलं. मग मुलीकडे बोट दाखवलं. एवढं कळायला भाषा लागत नाही. मुलीने भाऊसाहेबांकडे पाहिलं, आधी ‘‘विमल’’ म्हणाली, मग मान हलवली, आणि रडत रडत म्हणाली, ‘‘वैशाली. माझं नाव वैशाली आहे. टेम्पोत आम्हाला पाठ करायला लावलं.’’

 प्राध्यापकांनी ते इंग्रजीत सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘अहो सर, आमची वस्तीवरची पोरं बोलत नाहीत धड, अंगावर कपडे नसतात. पाहुण्यांसमोर गावाची लाज जाऊ नये म्हणून तालुक्याच्या शाळेतली पोरं आणून बसवली. खोल्या तर त्यांच्याचसाठी हायेत ना!’’ हे ते चोरी पकडली गेल्यासारखं बोलत नव्हते. अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलत होते. त्यांना त्यात काही वावगं दिसतच नव्हतं, आणि एवढी वर्षं विचार करून मला वाटतं, त्या खोलीतली सगळ्यात भयंकर गोष्ट तीच होती.

संध्याकाळी जीप आमच्या वाड्यात आली, प्राध्यापक आणि गोरी बाई दोघंच उतरले. गोऱ्या बाईचं नाव इंगेबोर्ग. आमच्या आईने ते ऐकल्या ऐकल्या इंगाबाई करून टाकलं. आईला तोवर सगळं कळलं होतं. ती मला काही बोलली नव्हती, नुसती दर थोड्या वेळाने हाक मारत होती, ‘‘विमल.’’ मी ‘‘काय वं, माय?’’ म्हटलं की, ‘‘काई नाई.’’ पाहुणी दारात आल्यावर तिने वाकळ अंथरली आणि कढी-फुणके वाढले. इंगाबाईंनी मांडी घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा पाय लांब करून ताट मांडीवर घेतलं. तेवढ्यात बाबा आले. कापसाने भरलेले, घाबरलेले. जिनिंग भाऊसाहेबांच्या मेहुण्याचं होतं. बाबांना दुपारीच सांगण्यात आलं होतं की उद्यापासून येऊ नको.

बाबांनी ते पाहुणीला सांगितलं नाही. प्राध्यापकांना एकच विचारलं, ‘‘साहेब, यायले विचारा, यायच्या मुलखात मजुराचं पोरगं अन् मालकाचं पोरगं एकाच शाळेत जाते का?’’

इंगाबाई म्हणाल्या, हो. बहुतेक सगळी मुलं एकाच शाळेत जातात. फी नसते. डॉक्टरची मुलगी आणि मासे पकडणाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात.

बाबा हसले. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, म्हणजे ही बाई आपल्याला खूश करायला सांगते आहे. मग प्राध्यापकांनी स्वतःहून सांगितलं, खरं आहे नामदेवराव, मी वाचलं आहे. बाबांचं हसू गेलं.  ‘‘आन् मालक चालू देतात?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धक्का होता. असं कुठेतरी खरंच असतं, आणि आपण ते नसतं असं समजून एवढं आयुष्य काढलं, याचा धक्का.

इंगाबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या बराच वेळ बोलल्या आणि प्राध्यापक थांबत थांबत सांगत गेले. त्यांच्या देशाच्या अगदी उत्तरेला रेनडिअर पाळणारे लोक राहतात. रेनडिअर म्हणजे मोठ्या शिंगांचं हरीण, त्यांच्यासाठी ते आपल्या गायी-बकऱ्यांसारखं. त्यांची भाषा निराळी. इंगाबाईंची आई त्या लोकांतली. शाळा सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे म्हणून सरकारने त्या मुलांना घरांपासून दूर वसतिगृहांत नेलं. तिथे खायला होतं, पुस्तकं होती, बाक होते. पण आपली भाषा बोललं की शिक्षा. त्यांची आई कितीतरी वर्षांनी घरी परतली तेव्हा तिला स्वतःच्या आजीशी बोलता येईना. दोघी चुलीजवळ बसत आणि एकमेकींकडे बघत राहत.

 चुलीतल्या पऱ्हाट्या तेवढ्या तडतडत होत्या. मग आईने विचारलं, ‘‘मंग तुमच्या मायनं तुम्हाले ते बोली शिकवली का नाई?’’

प्राध्यापकांनी विचारलं. इंगाबाईंनी मान हलवली. नाही. त्यांच्या आईला त्या बोलीची लाज वाटायची.

‘‘अरे माय वं,’’ आई म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी नेला. आमच्यावर जे झालं त्यासाठी ती दिवसभर रडली नव्हती. समुद्रापलीकडच्या एका अनोळखी म्हातारीसाठी तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

निघताना इंगाबाईंनी बाबांना विचारलं, मी तिकडे जाऊन खरं सांगितलं तर बहुधा या शाळेला खोल्या मिळणार नाहीत. काय करू? एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला असं विचारावं याचंच बाबांना नवल वाटत राहिलं. उत्तर आईने दिलं. ‘‘खरं सांगा. आमची लेकरं टिनाखाली बसतीन. पण त्यायच्या नावानं दुसऱ्याची लेकरं नोका बसवू.’’

इंगाबाईंनी खरं सांगितलं असावं, कारण खोल्या आल्या नाहीत. गावात पुष्कळ दिवस आमच्याशी कोणी सरळ बोललं नाही. खोल्या बुडवल्या म्हणाले. आमच्या वाड्यातलेही काही म्हणाले. बाबा वडनेर भोलजीकडे वीटभट्टीवर जाऊ लागले. आता त्यांच्या भुवयांना लाल धूळ असे. मी ती पुसत असे, पण कागद वाचायला सांगणं त्यांनी काही दिवस बंद केलं होतं. का ते मी विचारलं नाही. हल्लीच, परवा, मी गावी गेले होते. रस्त्यावर पिवळ्या बस उभ्या होत्या, तीन वेगवेगळ्या शाळांच्या. ज्याची जेवढी ऐपत त्याचं पोर तेवढ्या दूरच्या शाळेत जातं. आमच्या शाळेला आता स्लॅबच्या खोल्या आहेत, फरशी आहे, पंखे आहेत. आत फक्त वस्तीवरची पोरं बसली होती. आता कोणाला बाहेर काढायची गरजच उरलेली नाही, बाकीचे आपणहून निघून गेले. दारात उभी राहून मी ते बघितलं आणि पुन्हा तसंच डोक्यात घों घों झालं.

पण त्या वेळचं सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यानंतर शाळा भरली तेव्हा मी जाणार नाही म्हणून बसले होते. आईने माझं तोंड धुतलं, केस विंचरले आणि स्वतः माझ्यासोबत निघाली. वाड्याच्या तोंडाशी गौतमची आई उभी होती. मग आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्या कापूस वेचायला निघालेल्या, कमरेला ओटी बांधलेली. त्या वर्गात शिरल्या आणि मागच्या भिंतीला टेकून खाली बसल्या. हेडमास्तर धावत आले. ‘‘हे काय चालवलं? शाळा हाये का बाजार?’’

‘‘आम्ही काई बोलत नाई मास्तर,’’ आई म्हणाली. ‘‘आमच्या लेकरायची हाजरी आयकतो अन् जातो.’’

कुंदाबाई टेबलामागे उभ्या होत्या. त्या आईकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. दोन-तीन दिवसांत त्या आजाऱ्यासारख्या दिसू लागल्या होत्या. त्यांना नोकरीवरून काढण्याची धमकी होती हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मला काही फरक पडला नसता. त्यांनी हजेरी सुरू केली. गौतम उभा राहिला, ‘हजर’ म्हणाला, आणि मागे त्याच्या आईच्या तोंडून हुंकार निघाला. नंतरच्या प्रत्येक नावाला भिंतीपाशी कोणीतरी सैल होऊन बसत होतं.

‘‘विमल नामदेव इंगळे,’’ बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाईंनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी माझ्याकडे बघून.  मग त्या टेबलामागून बाहेर आल्या, रांगेतून चालत माझ्याजवळ आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या, अगदी पहिल्या आठवड्यात बसल्या होत्या तशा. ‘‘विमल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बोल ना गं.’’ त्यांचा हात माझ्या केसांकडे आला आणि मी मागे सरले. ते मी ठरवून केलं नव्हतं, अंगच मागे गेलं.  बाई तशाच बसून राहिल्या, हात अर्धवट वर.

मागून आईचा आवाज आला. रागावलेला नव्हता, मऊही नव्हता.

‘‘तिले येळ लागन, बाई. तुम्ही पुढचं नाव घ्या.’’